शेजारच्या टेबलावरचं मूल

दुसऱ्याचं पोर म्हणजे झाकण लावलेला डबा, असं माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणतात. आत काय आहे ते त्याच्या आईलाच ठाऊक. त्यांचं पाळणाघर आहे, त्यामुळे त्यांचं शहाणपण डबे, चमचे आणि लाळेरी यांच्यातूनच बाहेर पडतं. एकदा मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या होत्या की सासऱ्यांना आवर घाल, बाहेर जेवायला गेलं की शेजारच्या टेबलावरच्या पोरांना घास देत सुटतात, एक दिवस गळ्याशी येईल. मी ते हसण्यावारी नेलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलंसुद्धा की तुझ्या वहिनींना आता अख्खं जग पाळणाघर दिसायला लागलंय.

मी हसले हेच नवल. कारण घाबरण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. हॉटेलात गेलं की आधी मी घरून आणलेल्या ओल्या फडक्यानं टेबल पुसते. खुर्ची डुगडुगते का बघते. दूध आलं की नाकाला लावते. सूपमध्ये काय काय घातलंय हे विचारून वाढणाऱ्या बाईचं डोकं उठवते. नवरा म्हणतो, तुला जेवायला नाही, छापा घालायला आणलंय असं वाटतं. पण ही सगळी भीती एकाच दिशेनं तोंड करून बसलेली होती: माझ्या लेकीच्या तोंडात काय जातंय. आपल्या टेबलावरून उठून दुसऱ्याच्या तोंडात काय जातंय, तिकडे तिनं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

लेकीला आम्ही भोंगा म्हणतो. दोन वर्षांची आहे, आवाज मात्र गिरणीचा. काही महिन्यांपूर्वी बेसिनपाशी मी तिचे हात धूत असताना ती अचानक गप्प झाली. भोंगा गप्प झाला म्हणून मी वाकून पाहिलं, तर डोळे वर गेलेले आणि मूठ माझ्या बोटाभोवती अशी आवळलेली, की ती सोडवताना मला वाटलं माझंच बोट तुटेल. फिट आली होती. तेव्हापासून तिला गोळी सुरू आहे. सकाळी एक, दुपारी एक. नुसती दिली तर थुंकते. चमचाभर दह्यात दिली तर दही थुंकते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घासभर अन्नात मिसळून तो घास आधी द्या आणि मग बाकीचं जेवण. पण घासभर अन्नात गोळी कडू लागते, आणि कडू लागलं की ती पुढचं सगळंच जेवण नाकारते. म्हणून मी गोळी चमच्याच्या पाठीनं चुरायची, कागदाच्या पुडीत बांधायची आणि वाटीभर बटाट्यात पार विरघळवून टाकायची. वाटी संपली की गोळी पोटात. वाटी संपवणं हे मग माझं काम. त्या वाटीसाठी मी चिमणी झाले आहे, कावळा झाले आहे, टेबलाखाली माकडही झाले आहे.

हे सगळं बाबांना माहीत नव्हतं. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्यांना धक्का नको, असं मी आणि नवरा एकमेकांना सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण तेही नव्हतं. बाबांनी उभा जन्म केस कापण्यात घालवला. कात्री आणि तोंड एकाच वेळी चालवायची सवय. सकाळी त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट दुपारपर्यंत आमच्या गल्लीतून फिरून, चहा पिऊन परत घरी यायची. आणि माझी लेक ही ‘फिट येणारी मुलगी’ म्हणून गल्लीत ओळखली जावी हे मला नको होतं. भोंगा म्हणून ओळखली जाते, तेवढं पुरे होतं.

लहान मुलं म्हणजे बाबांचा प्रांत. दुकानात आरशाखाली त्यांची एक बरणी असे, बिस्किटांच्या तुकड्यांची. पोर रडायला लागलं की आईकडे न बघता एक तुकडा त्याच्या तोंडात सारायचा आणि तो चघळून होईपर्यंत कानामागचे केस उडवायचे. ‘तोंड चालू असलं की डोकं बंद असतं,’ असं ते म्हणत, ‘लहान काय आणि मोठं काय.’ आयांना विचारायची रीत त्यांच्या दुकानात नव्हतीच. विचारायला थांबलं तर पोर हलतं. दुकान बंद झालं, बरणी कुठे गेली कोण जाणे, पण हाताची सवय राहिली. हॉटेलात बसले की त्यांची नजर आधी टेबलांखाली आणि खुर्च्यांच्या फटींतून फिरते. कुठून एखादं तोंड डोकावतंय का? डोकावलं की हे इकडून भुवया उडवणार, पोर हसणार, आणि पुढच्या क्षणाला आमच्या पावाचा मऊ भाग त्या पोराच्या हातात.

त्या दिवशी सुट्टी होती. नाक्यावरच्या हॉटेलात गर्दी होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. मी कोपऱ्यातलं टेबल पकडलं, कारण तिथून दार लांब होतं आणि गरम भांडी घेऊन ये-जा करणारी वाटही लांब होती. शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं. पुरुषाच्या कोपरांच्या वळ्यांत पांढरी धूळ बसली होती. बाईच्या मनगटात चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं घातलेलं होतं, आणि जेवतानाही ते काढायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या मांडीवर एक मुलगा. भोंग्यापेक्षा बराच लहान, नुकताच चालायला लागलेला असेल एवढा. बाहेर त्यांचा टेम्पो उभा होता. गादी, कपाट, त्यावर उलटी खुर्ची. घर बदलत होते. भांडीकुंडी बांधून झाल्यावर चूल कुठली पेटणार, म्हणून बाहेर जेवायला आले असावेत.

आम्ही सूप, पाव आणि भाजलेली कोंबडी मागवली, आणि भोंग्यासाठी लोणी घालून कुस्करलेला बटाटा. बाबा हात धुवायला उठले तशी मी पुडी सोडली आणि बटाट्यात कालवली. नवऱ्यानं नेहमीप्रमाणे माझ्यापुढे मेनूचं पुस्तक उभं धरलं. चोरी करताना जोडीदार असावा तसा. भोंग्यानं थोडे घास खाल्ले, मग ओठ मिटले. मी चिमणी झाले, कावळा झाले. माकड व्हायच्या आत वास आला. तिची चड्डी भरली होती. त्याच वेळी नवऱ्याचा फोन वाजला आणि आत काही ऐकू येईना म्हणून तो बाहेर गेला. मी भोंग्याला काखोटीला मारलं, वाटी भिंतीच्या बाजूला सरकवली, तिच्यावर बशी पालथी घातली. झाकली की झालं, असं वाटलं मला. बाबांना म्हटलं, आलेच.

त्या हॉटेलच्या मोरीत पोराला आडवं करायला जागा नव्हती. मांडीवर घेऊनच सगळं उरकावं लागलं, आणि भोंगा आपल्या नावाला जागला. परत आले तेव्हा माझे केस कपाळाला चिकटलेले होते आणि डोक्यात एकच विचार होता, उरलेली वाटी हिच्या गळी कशी उतरवायची.

बशी बाजूला होती. वाटी रिकामी. नुसती रिकामी नाही, लखलखीत. चमचा तिच्यावर आडवा ठेवलेला. बाबा चष्मा पुसत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तृप्ती होती, एखादं हट्टी डोकं नीट कापून झाल्यावर असायची तशी.

शेजारचं टेबल रिकामं होतं.

“कुणी खाल्लं, बाबा?” मी विचारलं.

“अगं, त्या पिल्लानं. आईच्या मांडीवरून सारखं आपल्या वाटीकडेच बघत होतं. चाटूनपुसून खाल्लं. वाया नाही गेलं काही.”

मी हसले. खरंच हसले. बाहेर जेवताना कुणी काही कौतुकानं सांगितलं की चेहरा आपोआप जे करतो ते माझ्या चेहऱ्यानं केलं. मग बटाट्यातली गोळी आठवली. भोंग्याला मी बाबांच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच आणि दाराकडे धावले. मधे वाढणारी बाई सूपचा ट्रे घेऊन येत होती, तिला मी ढकललं. तिनं काय म्हटलं ते ऐकलंही नाही.

टेम्पोच्या जागी तेलाचा एक काळा डाग होता. नवरा रस्त्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. मी त्याचा दंड धरून त्याला फिरवला. टेम्पो कुठे गेला? तो म्हणाला, आत्ताच गेला, गादी घसरत होती म्हणून मीच दोरी ओढून दिली त्यांना. म्हणजे हा त्या मुलापासून हातभर अंतरावर उभा होता. मुलगा बापाच्या खांद्यावर होता आणि डोळे चोळत होता, हेही त्यानं पाहिलं होतं. “झोपेला आला होता,” तो म्हणाला, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं फोन खाली घेतला.

तो गाडी काढून ज्या दिशेला टेम्पो गेला तिकडे गेला. मी तिथेच पायरीवर बसून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दोनदा भलत्यालाच लागला. त्यांनी शांतपणे एकेक विचारलं. वाटीत किती उरलं होतं? त्या मुलाचं वजन किती असेल? त्याला काही आजार आहे का, दुसरं औषध चालू आहे का? मला कशाचंही उत्तर येत नव्हतं. मी फक्त सांगू शकत होते की त्यानं वाटी चाटली होती. त्या म्हणाल्या की बहुतेक तो नुसता झोपेल. खूप झोपेल. पण त्याच्याजवळच्या माणसांना तो का झोपलाय हे कळलं पाहिजे. हलवून उठत नसेल, अंग ढिलं पडलं असेल, श्वास मंद झाला असेल, तर लगेच दवाखान्यात. मग म्हणाल्या, “मला धास्ती त्या औषधाची कमी आहे. ते लोक म्हणतील, दमलंय लेकरू, झोपू दे, याची जास्त आहे.”

भोंग्याचं काय करायचं तेही त्यांनी सांगितलं, कारण तिच्याही पोटात आज अर्धवटच गेलं होतं. म्हणजे एकाच वाटीनं एक पोर झोपणार होतं आणि दुसरं कधी ताठ होईल याचा नेम नव्हता.

आत आले तर बाबा भोंग्याला पाव चारत होते आणि आसपासची दोन टेबलं काय झालं म्हणून बघत होती. नवरा परतला. चौकात तीन रस्ते फुटतात, कुठल्याच रस्त्याला टेम्पो दिसला नव्हता. आता बाबांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेवटी नवराच म्हणाला, “बाबा, त्या बटाट्यात औषध होतं. हिला फिट येतात. आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

बाबांच्या हातातला पाव तसाच राहिला. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. आणि त्यांचं तोंड मिटलं. ते मिटलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. ऑपरेशनला आत नेतानाही ते वॉर्डबॉयला त्याचे कल्ले वेडेवाकडे आहेत हे सांगत होते.

आणि नेमके तेव्हाच मला त्यांचे शब्द हवे होते. त्या कुटुंबाशी बोलले होते ते एकटे. हॉटेलच्या मालकीणबाईंना काही माहीत नव्हतं. ते लोक पहिल्यांदाच आले होते आणि जेवायला आलेल्याचं नावगाव कोण विचारतं? मी बाबांपुढे गुडघे टेकून बसले. ते कोण होते, कुठे चालले होते, काय म्हणाले, काहीही सांगा. बाबा म्हणाले, “दोन भोवरे आहेत त्याला. एक मधोमध आणि एक उजवीकडे, उलटा फिरणारा. केस घरीच कापलेत. मागून वाकडे.”

मला किंचाळावंसं वाटलं. भोवरे घेऊन मी काय करू? पण त्यांना तेवढंच आठवत होतं. घाबरलेलं माणूस आपल्या धंद्यात जाऊन लपतं, हे मला तेव्हा कळलं. मी भोवऱ्यांवरूनच पुढे गेले. भोवऱ्यांबद्दल तुम्ही त्याच्या आईला काही म्हणालात का? हो, दोन भोवरेवाला दोन लग्नं करतो असं म्हणालो. मग ती काय म्हणाली? ती हसली. म्हणाली, एकाच बायकोचं सामान वर नेताना याच्या बापाचं कंबरडं मोडणार आहे, दोन कुठली. तिसरा मजला. लिफ्ट नाही.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. तो बाप फरशी बसवायचं काम करतो, नवं घर कामाच्या जवळ पडतं म्हणून घेतलं. एवढं बाबांनी एकेक शब्द ओढून काढत दिलं. मुलाचं नाव? आई त्याला सोन्या म्हणत होती. जगातली अर्धी पोरं सोन्या असतात.

पोलिसांना कळवलं. त्यांनी टेम्पोचा नंबर विचारला. दोरी ओढून देणाऱ्यानं नंबर पाहिला नव्हता. मग आम्ही चौघं गाडीत बसलो आणि जिथे जिथे नवीन इमारती होताहेत, जिथे फरशीचं काम असू शकतं, तिथल्या आसपासच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारती बघत फिरायला लागलो. खिडकीतून मी टेम्पो शोधत होते. जगात इतके टेम्पो असतात हे मला माहीत नव्हतं. कपाट दिसलं की काळीज उडायचं. गादी दिसली की ओरडायचे, थांब. एकदा आम्ही एका गाद्यांच्या दुकानामागेच लागलो होतो.

मग एका गल्लीत खरोखरच सामान उतरत होतं. उलटी खुर्ची होती. नवऱ्यानं गाडी नीट थांबवायच्या आत मी दार उघडलं. जिना अरुंद होता आणि हमाल कपाट घेऊन मधे अडकले होते. त्यांच्या काखेखालून मी कशी गेले मला माहीत नाही. ओरबाडलेला हात नंतर दिसला. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. आत खोकी, आणि खोक्यांच्या मधे जमिनीवर दुलईत एक मूल झोपलेलं. तोंड भिंतीकडे. मी आत गेले आणि त्याला हलवलं. ते हललं नाही. मी दोन्ही खांदे धरून उचललं तेव्हा त्याची मान मागे पडली, आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे काहीच उरलं नाही. ना खोली, ना खोकी.

मग ते रडायला लागलं. मुलगी होती. दोन वेण्या होत्या तिला. मी वेण्या पाहिल्याच नव्हत्या.

तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं पोर माझ्या हातातून हिसकावून घेतलं. मी सांगायचा प्रयत्न केला, पण माझं बोलणं आमच्या घरातल्या मिक्सरसारखं व्हायला लागलं होतं, सगळं एकत्र फिरत होतं. औषध, बटाटा, भोवरे. ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखत होते. मी रोज माझ्या लेकीकडे येणाऱ्या प्रत्येक अनोळखी हाताकडे तसंच बघते. ती म्हणाली, “बाई, तुम्ही आधी बाहेर व्हा.” मी बाहेर झाले. जिन्यात हमालांनी मला वाट दिली, एकानं टोमणा मारला की बघा, नवीन घराला पाहुणेही लगेच मिळाले. मला राग आला नाही. बाहेर होताना मला एवढंच वाटत होतं, की हिनं आपलं मूल किती पटकन जवळ घेतलं. त्या दुसऱ्या आईला तर अजून माहीतच नाही की जवळ घ्यायचंय.

अंधार पडायच्या सुमाराला आम्ही थांबलो. थांबावंच लागलं, कारण भोंग्याकडे लक्ष द्यायचं होतं. आसपासच्या सगळ्या दवाखान्यांना फोन करून झाले होते. झोपेतून न उठणारं, दीडेक वर्षाचं मूल कुणाकडे आलं होतं का? नव्हतं. प्रत्येक ‘नाही’ ऐकून आधी जिवात जीव यायचा आणि मग लगेच उलटा विचार यायचा: नाही म्हणजे बरा आहे, की नाही म्हणजे कुणी आणलंच नाही? तो मजेत असेल आणि मी उगाच मरते आहे, असंही वाटायचं. पण ते वाटणं टिकायचं नाही. डोळ्यांपुढे ती खोली यायची, लावायचं राहिलेलं सामान, आणि चिकटपट्टीचं रीळ हातात असलेली ती बाई दबक्या आवाजात नवऱ्याला सांगतेय की खोकी हळू ठेव, सोन्या उठेल.

घरी भोंग्याला मी माझ्या पोटाशी धरून बसले. मध्येच तिची मूठ वळली की माझा श्वास थांबायचा. ती नुसतीच मूठ असायची. बाबा दारापाशी खुर्चीवर बसले होते, आल्यापासून चपलासुद्धा न काढता. जाऊबाई आल्या. मला वाटलं आता त्या म्हणतील, सांगितलं होतं ना. पण त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी भात टाकला आणि आमच्यापुढे ताटं ठेवली. कुणी जेवलं नाही. बाबांनी तर ताटाकडे असं पाहिलं, जसं त्यात काय आहे हे आता त्यांना कधीच कळणार नाही.

मग ते बोलले. माझ्याकडे न बघता.

“मला का नाही सांगितलंत?”

मी हृदयाचं कारण सांगायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं. मग मी खरं ते सांगितलं. “तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतंत, बाबा.”

“हो,” ते म्हणाले. “सांगितलं असतं. त्या बाईलाही सांगितलं असतं. बसल्या बसल्या. की ही माझी नात, हिला असं असं होतं, हिची आई बटाट्यातून औषध देते. मला राहवलंच नसतं.” त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. “मग तिनंच आपलं पोर आवरलं असतं.”

स्वयंपाकघरात जाऊबाईंनी नळ बंद केला, आणि आम्ही सगळे भोंग्याचा श्वास ऐकत बसलो.

भोंग्याला त्या रात्री काही झालं नाही. आता गोळी घासभर अन्नातच देते, आधी तो घास, मग जेवण. थुंकली तर पुन्हा. बाबा समोर बसून टाळ्या वाजवतात. त्यांना आता सगळं माहीत आहे, त्यामुळे गल्लीलाही माहीत आहे. भोंगा अजून भोंगाच आहे, फिटवाली वगैरे कुणी म्हणालेलं नाही. निदान माझ्या कानावर तरी नाही.

पण त्या मुलाचा पत्ता लागलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की औषधाचा असर कधीच ओसरला असणार. त्या संध्याकाळी तो उठला असेल तर गोष्ट तिथेच संपली, एव्हाना त्यानं नव्या घराच्या भिंतींवर रेघोट्यासुद्धा मारल्या असतील. उठला असेल तर. मी जेवायला बसते आणि हे दोन शब्द घासाबरोबर तोंडात येतात. बाबा रोज दुपारी त्या नाक्यावरच्या हॉटेलात जाऊन बसतात. काही मागवत नाहीत, नुसता चहा. मालकीणबाई त्यांना काही म्हणत नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारतात. आणि एखादं पोर शेजारच्या टेबलावरून त्यांच्याकडे बघून हसलं तर दोन्ही हात टेबलाखाली घेतात.

म्हणून मी हे लिहिते आहे, आणि सगळं लिहिते आहे, लपवून पुन्हा काही द्यायचं नाही. तुमच्या इमारतीत अलीकडे नवं बिऱ्हाड आलं असेल, तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून. बाप फरशीचं काम करणारा, आई मुलाला सोन्या म्हणणारी. तर कृपा करून वर जा आणि दार वाजवा. मुलगा समोर आला तर त्याला जवळ बोलावून डोकं बघा. भोवरे दोन असतील. काय कारण सांगायचं ते तुम्ही ठरवा, माझं नाव सांगितलंत तरी चालेल, त्या बाईनं मला शिव्या दिल्या तरी मला त्या ऐकायच्या आहेत. मला फक्त एवढंच कळवा, की तो दाराशी स्वतःच्या पायांनी आला.

आणि आला नाही, आई म्हणाली की झोपलाय, तर बरं म्हणून खाली येऊ नका. दारात थांबा. म्हणावं, जरा उठवून दाखवा.